कारागीर नावाचा रकाना

दोन वर्षांपूर्वी मी एका दागिन्यांच्या स्पर्धेची वेबसाइट बनवली. हाताने घडवलेले धातूचे दागिने, देशभरातून एंट्री, वर ऑनलाइन मतदान. स्पर्धेचं नाव सांगत नाही, कारण माझं भांडण एका आयोजकाशी नाही. अशा बहुतेक स्पर्धा जे गृहीत धरून चालतात, त्याच्याशी आहे.

एंट्री फॉर्मचे रकाने मला अजून पाठ आहेत. स्पर्धकाचं नाव, ब्रँड, इन्स्टा हँडल, डिझाइनचं नाव, प्रेरणा (दोनशे शब्द), धातू, वजन, पाच फोटो. स्पर्धा 'हस्तनिर्मित'ची, आणि हात कुणाचा हे विचारणारा रकानाच नाही. मी मीटिंगमध्ये म्हटलं, 'कारागीर' असा एक कॉलम टाकू का? पाच मिनिटांचं काम आहे. उत्तर आलं, 'नको, लोक कन्फ्यूज होतील. स्पर्धक म्हणजेच मेकर ना?'

नाही ना. तिथेच तर सगळी मेख आहे.

पहिलं बक्षीस मिळालं चांदीच्या एका गळ्यातल्याला. पीळ दिलेली जाड तार, दोन्ही टोकांना गोंडे, मुद्दाम काळपट ठेवलेलं पॉलिश. प्रेरणेच्या रकान्यात लिहिलं होतं, 'सह्याद्रीतल्या आदिवासी स्त्रीचं निर्भय सौंदर्य'. मी डिंभ्याचा. आम्ही महादेव कोळी. तो पीळ मी लहानपणापासून आजीच्या दंडावर बघत आलोय. वाकी होती ती, हिने मोठी करून गळ्यात घातली, एवढाच फरक. मी याला चोरी म्हणत नाही. पीळ दिलेली तार कुणाच्या बापाची नसते, आणि वाकीचं गळ्यातलं करायला सुचणं हेही एक कामच आहे.

पण विजेत्याच्या पेजसाठी मेकिंगचा व्हिडिओ हवा होता, म्हणून मी त्या डिझायनरताईंना फोन केला. व्हिडिओ सुंदर होता. बत्तीची निळी ज्योत, चिमटा, ठोकणी. आणि फक्त हात. तीस सेकंदात एकदाही चेहरा नाही. मी विचारलं, 'हे कोण?' 'आमचे कारागीर आहेत, हुपरीचे.' 'नाव?' थोडं थांबून म्हणाल्या, 'मॅनेजरला विचारून कळवते.' त्या वाईट नव्हत्या. नाव लपवायचंही नव्हतं त्यांना. ते लागेल असं कधी वाटलंच नव्हतं. ते नाव आजपर्यंत आलेलं नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातली हुपरी म्हणजे चांदीचं गाव. तिथे पैंजण एका माणसाच्या हातून पूर्ण होत नाही. एकीकडे चांदी आटते, दुसरीकडे तार ओढली जाते, कुणाच्या घरात बायका कड्या जोडतात, कुणी डाग देतं, कुणी घुंगरू बसवतं, शेवटी पॉलिश. मजुरी बहुतेक वजनावर. म्हणजे नाजूक काम केलंत तर डोळे जास्त जातात आणि किलो कमी भरतात. या साखळीतल्या कुणाला 'डिझाइन'चं बक्षीस द्यायचं, असा प्रश्न मला नेहमी विचारतात, आणि तो विचारताना लोकांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू असतं. इतके जण आहेत, म्हणून एकाचंही नाव नको. सिनेमाच्या शेवटी तीनशे नावं वर सरकतात तेव्हा कुणी कन्फ्यूज होत नाही.

आमच्या धंद्यात हा प्रश्न कधीच सुटलाय. गिट २००५ साली आलं. त्यात प्रत्येक कमिटला दोन वेगळी नावं असतात: ऑथर आणि कमिटर. कोड लिहिणारा एक आणि तो मुख्य प्रोजेक्टमध्ये घेणारा दुसरा असू शकतो, हे टूल बनवतानाच गृहीत धरलेलं आहे. एका ओळीचा बग काढणाऱ्याचंही नाव राहतं. दुसऱ्याच्या कोडवर स्वतःचं नाव लावलंत तर टीममध्ये तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तीच आम्ही माणसं शनिवारी प्रदर्शनात जाऊन 'हँडमेड' लिहिलेला टॅग बघतो आणि ब्रँडचं नाव वाचून खूश होतो.

सोन्याचं बघा. १ एप्रिल २०२३पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असल्याशिवाय तो विकता येत नाही. आईची अंगठी घ्या, बीआयएस केअर ॲपमध्ये कोड टाका. दुकानदार दिसेल, हॉलमार्किंग सेंटर दिसेल, शुद्धता दिसेल. घडवणारा दिसणार नाही. एकेका नगाला वेगळा नंबर देण्याइतकी यंत्रणा उभी राहिली, त्यात एक नाव मावलं नाही. कायदाही फार वेगळा नाही. २०००च्या डिझाइन्स ॲक्टप्रमाणे पैसे घेऊन दुसऱ्यासाठी डिझाइन केलंत, तर मालक तो दुसरा.

हे असंच असतं, असं मात्र कुणी सांगू नये. केंद्र सरकारचे हस्तकलेचे राष्ट्रीय पुरस्कार १९६५पासून आहेत, शिल्पगुरू २००२पासून. ते कारागिराला मिळतात, त्याच्या नावाने. आणि आमच्या शेजारी जुन्नरला जा. तिथल्या लेण्यांतल्या एका ब्राह्मी लेखात बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या देणगीची नोंद आहे. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी तांब्या-पितळेचं काम करणाऱ्यांवर लोक पैसे ठेवण्याइतका विश्वास टाकत होते, आणि ते दगडात कोरून ठेवत होते.

'हस्तनिर्मित' या शब्दाचंही तेच. त्या स्पर्धेतल्या निम्म्या तरी एंट्री कॅडवर काढून, मेणात थ्रीडी प्रिंट करून, ओतलेल्या होत्या. शेवटचं पॉलिश हाताने. त्यात कमीपणा नाही, पण मग तसं लिहा. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनच्या मार्गदर्शक नियमांत दागिन्याला हस्तनिर्मित म्हणायचं तर कच्च्या मालापासूनची सगळी घडण हाताच्या श्रमाने झालेली लागते. बस्तरचा ढोकरा कारागीरही मेणच वापरतो, पण त्याचा मातीचा साचा प्रत्येक वेळी फुटतो, दुसरा नग तसाच निघत नाही. रबराच्या साच्यातून हवे तेवढे निघतात. परीक्षकांना हा फरक कळत नव्हता असं नाही. फॉर्मने विचारला नव्हता.

आणि परीक्षण फोटोंवरून. आजी हसली असती. तिची वाकी हिरड्याच्या पैशातून झालेली, घोडेगावच्या सोनाराकडे. तिला ब्रँड माहीत नव्हता, सोनार माहीत होता, त्याच्या बापाचं नावही माहीत होतं. दागिना हातात आला की आधी उलटा करायची. 'डाग कुठं दिलाय ते घावलं नाय पायजे,' म्हणायची, 'म्होरून समदेच चांगलं करत्यात.' भादव्यात घरात काही नसलं की तीच वाकी गहाण पडायची आणि पुढच्या हिरड्याला सुटायची. निर्भय सौंदर्य वगैरे ठीक आहे, पण वाकी आधी वजन होती. पाच फोटोंत मागची बाजू एकातही नव्हती, मीच अपलोड केलेत.

जून २०२५मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या तेव्हा आपण सगळे पेटलो होतो. मीही स्टोरी टाकली होती. श्रेय द्या, म्हणालो. कोल्हापुरीला २०१९पासून जीआय आहे, हे त्या आठवड्यात कितीतरी जणांना पहिल्यांदा कळलं. इटलीतल्या कंपनीला सुनावणं सोपं होतं. पुण्यातल्या आपल्याच मैत्रिणीच्या ब्रँडला 'हे केलं कुणी?' विचारायला जीभ अडखळते, माझीसुद्धा. त्या फोननंतर मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. पेमेंट बाकी होतं.

डिझायनरचं बक्षीस काढून घ्या असं मी म्हणत नाही. कल्पना तिची, भांडवल तिचं, माल पडून राहिला तर नुकसानही तिचं. मला हवं ते एवढंच: फॉर्ममध्ये घडवणाऱ्यांची नावं, गाव आणि कुणी काय केलं हे अनिवार्य करा. नावं नसतील तर एंट्री सबमिट होऊ देऊ नका, लाल अक्षरात एरर येऊ द्या. बक्षिसाच्या रकमेत त्यांचा वाटा नियमावलीतच लिहा. दागिना परीक्षकांच्या हातात द्या, आणि उलटा करून बघू द्या.

यंदाचा फॉर्म गेल्या आठवड्यात लाइव्ह झाला. या वेळी काम दुसऱ्या कुणाकडे आहे. उघडून पाहिला. एक नवीन रकाना आलाय, तोही अनिवार्य: 'रीलची लिंक'.