वकील न लावता

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. परवा मामेबहिणीचा फोन आला. "ताई, तू वकील न लावता केलंस ना? मग मलाही सांग कसं ते." तासभर सांगितलं, पण फोन ठेवल्यावर वाटलं, निम्मंच सांगितलं. म्हणून हे. (आई, तुला सगळं माहीत आहे. नाही वाचलंस तरी चालेल.)

आमचा घटस्फोट परस्परसंमतीचा. २०२२च्या ऑगस्टमध्ये अर्ज, २०२३च्या मार्चमध्ये निकाल. घरच्यांना घटस्फोटापेक्षा वकील नसल्याचाच धक्का जास्त बसला. आत्या म्हणाली, "अगं, उद्या तो कागद कुणी मानेल तरी का?" मानतात, आत्या. कुटुंब न्यायालयं ज्या १९८४च्या कायद्याने आली, त्याचं तेरावं कलम तर म्हणतं की इथे वकील उभा करणं हा पक्षकाराचा हक्कच नाही; कोर्टाने परवानगी दिली तर वकील. आता प्रत्यक्षात व्हरांड्यात काळे कोट इतके, की हे कलम मी एकटीनेच वाचलंय की काय असं वाटतं. असो.

हिंदू विवाह कायद्याचं कलम १३ब फार काही मागत नाही. किमान वर्षभर वेगळे राहताय, एकत्र राहणं जमलं नाही, आणि लग्न संपवायचं हे दोघांना मान्य आहे. बस्स. चूक कुणाची हे विचारतच नाही. माझ्या पहिल्या अर्जात चार पानं नुसत्या चुकाच होत्या, अर्थात त्याच्या! खिडकीवरच्या बाईंनी तो परत केला. पानांना नंबर नव्हते, लग्नाच्या दाखल्याची प्रत नव्हती. वर म्हणाल्या, "एवढं कशाला लिहिलंय?" घरी येऊन चारची दीड पानं केली. त्या रात्री मी खूप रडले, पण दुसऱ्या दिवशी ते दीड पान त्याला पाठवलं तेव्हा त्याने एकही शब्द न बदलता सही केली. वकिलाने लिहिलं असतं तर मी बहुतेक न वाचताच सही केली असती.

मग समुपदेशकांशी भेट, आधी वेगवेगळी, नंतर एकत्र. मग सहा महिने थांबा. हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलंय. वेगळं राहून दीड वर्ष झालेलं असेल, पोटगी-मुलांचं सगळं ठरलेलं असेल, तर अर्ज करता येतो. आम्ही बसत होतो त्यात. मला हे कळलं तेव्हा चार महिने उलटून गेले होते. आणि या काळात दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं, अगदी निकाल लागेपर्यंत. रोज रात्री तेवढीच धाकधूक.

इथवर माझं मत पक्कं आहे : दोघांचं खरंच एकमत असेल तर कोर्टात उभं राहायला वकील लागत नाही.

पण कन्सेंट टर्म्स मी एका ओळखीच्यांच्या कागदावरून उतरवल्या, आणि तिथे फसले. त्यात होतं, फ्लॅट त्याचा, यापुढचे हप्ते तोच भरेल. कोर्टाने मान्य केलं, मी मोकळी झाले. दीड वर्षाने बँकेचा फोन. तीन हप्ते थकलेत. मी निकालाची नक्कल घेऊन गेले. समोरचा मुलगा सभ्यपणे म्हणाला, "मॅडम, हे तुमचं आपसातलं झालं. आमच्याकडे तुम्ही अजून सहकर्जदार आहात." बरोबरच होतं त्याचं. बँक काही त्या खटल्यात पक्षकार नव्हती. कर्जातून नाव काढून घेतल्याशिवाय दुसरी तारीख करायची नाही, एवढं एक वाक्य कुणी सांगितलं असतं तर... एका तासाच्या सल्ल्याचे पैसे वाचवले होते मी! बायकांना तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे सल्ला फुकट मिळतो, उत्पन्नाची अटही नाही. तेही नंतरच कळलं.

आज परत मामेबहिणीला फोन केला. फ्लॅट कुणाच्या नावावर? दोघांच्या. कर्ज? "दोघांचंच, पण तो भरतो ना."

शनिवारी जातोय आम्ही दोघी, सगळे कागद घेऊन.