अर्धा खेचलेला बोल्ट

जड कॅलिबरची रायफल बनवून घेणारा माणूस दस्त्याच्या लाकडावर महिनोन्‌महिने विचार करतो, नळीच्या लांबीवरून मित्रांशी हुज्जत घालतो, आणि अ‍ॅक्शनचा विषय निघाला की म्हणतो, "कुठलीही चांगली चालेल. पंजावाला माउझर म्हणजे आता जुन्या लोकांची हौस." मला हे अजिबात मान्य नाही. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचा विषय मिटवला, ते योग्यच झालं. मी बोलतोय ते आफ्रिकेच्या झुडपात जखमी रानरेड्याच्या मागावर जाणाऱ्याबद्दल.

पूर्वपक्ष असा : रेमिंग्टन ७००सारख्या पुश-फीड रायफलीत बोल्टचं तोंड काडतुसाच्या बुडाला चहूबाजूंनी वेढून घेतं, म्हणून ती जास्त मजबूत, शिवाय नेमाला अचूक. वेढा मजबूत असतो हे खरंच. पण इथे त्याची गरज किती? १९११चं .४१६ रिग्बी घ्या. उष्ण प्रदेशात कॉर्डाइट तापून दाब चढायचा, म्हणून हे काडतूस मुद्दाम ऐसपैस ठेवलं. त्याच्या दाबाची मर्यादा ३,२५० बार; .३०० विंचेस्टर मॅग्नमची ४,३०० बार. आणि अचूकतेचं म्हणाल, तर रेडा तीस-चाळीस पावलांवर उभा असताना अर्ध्या इंचाच्या फरकाने काय बिघडणार?

आमच्या बाजूचे लोकही एक चुकीचं सांगत फिरतात, की पुश-फीड उलटी धरली तर काडतूस चेंबरमध्ये जातच नाही. जातं. बोल्ट झटक्यात चालवला तर बिनतक्रार जातं. असल्या दाव्यांनी आपलीच बाजू लंगडी पडते.

खरं कारण डोळ्यांनी पाहता येतं. माउझर ९८मध्ये डमी काडतुसं भरा आणि बोल्ट अगदी सावकाश पुढे ढकला. मॅगझिनच्या ओठांतून सुटताच काडतुसाचं बूड वर येतं आणि बोल्टच्या तोंडावरून सरकत थेट एक्स्ट्रॅक्टरच्या लांब पंजाखाली बसतं. चेंबर अजून पुरतं भरलेलं नसतं, पण काडतूस पकडीत आलेलं असतं. इथेच थांबून बोल्ट मागे घ्या : काडतूस त्याच्याबरोबर मागे येतं, इजेक्टरच्या पात्यावर आपटतं आणि बाहेर उडतं. हेच पुश-फीडमध्ये करा. तिथला छोटा एक्स्ट्रॅक्टर बोल्ट पूर्ण मिटल्यावरच कड धरतो. मधेच हात मागे आला, तर पहिलं काडतूस चेंबरात राहतं आणि दुसऱ्याची गोळी त्याच्या बुडाला जाऊन अडते. भेदरलेला हात बोल्ट अर्धाच चालवतो, आणि हात भेदरतो तो नेमका रेडा अंगावर येत असताना. १९६४ साली विंचेस्टरने मॉडेल ७०मधून हा पंजा काढला. १९९०च्या दशकात तो परत आणावा लागला.

एक आक्षेप मात्र रास्त आहे. मूळ माउझरच्या पंजाला चेंबरात सुटं टाकलेलं काडतूस आवडत नाही. ते मॅगझिनमध्येच दाबावं लागतं. सीझेड ५५०सारख्या अ‍ॅक्शनमध्ये पंजाची धार तासून ही अडचण दूर केलेली आहे.

पण माउझर म्हणजे कुठलाही माउझर नव्हे. स्वस्तात मिळालेल्या लष्करी ९८मध्ये .३७५ एच अँड एच बसवण्याचा मोह फार वाईट. मॅगझिन सुमारे ८४ मिलिमीटरचं, काडतूस ९१चं. जागा करायची म्हणजे पुढचा उतार कापायचा, आणि बोल्टच्या खालच्या लगला आधार देणारं पोलाद नेमकं तिथेच असतं. .४५८ विंचेस्टर मॅग्नम त्या लांबीत मावतं, तेवढं ठीक. .४१६ रिग्बीला ९५ मिलिमीटर लागतात. तिथे जन्मतः लांब मॅग्नम अ‍ॅक्शनच हवी. ती जड असते, महाग असते. वजनाचं दुःख करू नका, चार-साडेचार किलोखाली या रायफलीचा धक्का खांदा सोसत नाही.

आणि कारागिराकडून ताब्यात घेताना मॅगझिन पूर्ण भरा. सॉफ्ट-नोज आणि सॉलिड, दोन्ही प्रकारची डमी, आधी सावकाश, मग पूर्ण जोरात. शेवटचं, एकटं उरलेलं काडतूस कसं वर येतं, ते खाली वाकून बघा.