संसाराचा हिशेब : नवे घर, मोकळी जमीन आणि हप्त्याचा सोफा



ज्यांचे निम्मे आयुष्य चाळीच्या एका खोलीत गेले, त्यांच्या हातात फ्लॅटची चावी पडते तो दिवस सणाचाच. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या बी. डी. डी. चाळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना अशा चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ही कुटुंबे ५०० चौरस फुटांच्या घरात आली. झोपडपट्टी पुनर्वसनातली घरे याहून लहान. १९९५च्या योजनेत ती २२५ चौरस फुटांची होती, पुढे २६९ झाली आणि आता ३०० चौरस फुटांची मिळतात. पण घर केवढेही असो, चावी मिळाली की पंधरा दिवसांत दारात फर्निचरचा टेम्पो उभा राहतो. तो रोखीने आला की हप्त्याने, हा आजचा विषय आहे.

नव्या घराबरोबर नवे खर्च येतात, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. चाळीचे भाडे नाममात्र असते. इमारतीत लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, सफाई या सर्वांचे मेंटेनन्स दरमहा द्यावे लागते. त्यातच सोफा, पलंग, फ्रीज यांचे हप्ते सुरू झाले की पगार पुरत नाही. मग थकते काय? हप्त्याच्या वसुलीला माणूस दारात येतो, म्हणून हप्ता जातो आणि मेंटेनन्स राहते. संस्थेची थकबाकी व्याजासह वाढत जाते आणि ती कायद्याने वसूलही करता येते. सामानापायी घरच अडचणीत यावे, हा कुठला हिशेब?

आता हप्त्याचे गणित पाहू. समजा, ६०,००० रुपयांचे सामान घेतले. दुकानदार म्हणतो, "फक्त बारा टक्के, दोन वर्षे." हा दर बहुधा फ्लॅट असतो. म्हणजे मुद्दल दर महिन्याला फिटत असले, तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण ६०,००० वरच लावतात. दोन वर्षांचे व्याज १४,४०० रुपये, एकूण ७४,४०० आणि हप्ता ३,१०० रुपयांचा. घटत्या मुद्दलावर मांडले तर हा दर बारा टक्के नव्हे, साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. उलट, तेच ३,१०० रुपये दरमहा बँकेच्या आवर्ती ठेवीत टाकले तर विसाव्या महिन्यात मुद्दलच ६२,००० होते. व्याज मिळते ते वेगळे.

"शून्य व्याज" या पाटीलाही भुलू नये. व्याज प्रक्रिया शुल्कात लपवले जाते, म्हणून रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांच्या अशा योजनांना हरकत घेतली होती. ऑक्टोबर २०२४पासून प्रत्येक किरकोळ कर्जाच्या वेळी सर्व शुल्कांसह वार्षिक दर लिहिलेले माहितीपत्रक ग्राहकाला देणे बंधनकारक आहे. कर्ज घ्यावेच लागले तर सही करण्यापूर्वी तो कागद मागून घ्या आणि घरातल्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या.

पैशाइतकाच जागेचाही हिशेब हवा. बाहेरची खोली दहा बाय बारा, म्हणजे १२० चौरस फूट धरू. पाच जणांचा सोफासेट सुमारे २८, टीपॉय ६, टीव्हीचे युनिट साडेसात आणि लोखंडी कपाट साडेचार चौरस फूट घेते. झाले ४६. राहिले ७४, तेही तुकड्यातुकड्यांत. त्यातून दाराची वाट सोडायची आणि कपाटाचे दार उघडायलाही जागा ठेवायची. झोपलेल्या माणसाला पंधरा चौरस फूट लागतात. घरात पाच माणसे आणि आतल्या खोलीत दोघे असले, तर उरलेल्या तिघांनी अंथरूण कुठे घालायचे? त्याऐवजी सहा बाय तीनचा पेटीचा दिवाण आणि कपाट एवढेच ठेवले, तर साडेसत्याण्णव चौरस फूट मोकळे राहतात. दिवसा दिवाणावर बसता येते, रात्री झोपता येते आणि पोटात गोधड्या, ट्रंका मावतात.

म्हणून खरेदीआधी टेप आणि खडू घ्या. जे सामान मनात आहे त्याची मापे जमिनीवर आखा आणि चार दिवस त्या रेषांमधून वावरा. कोणती वस्तू पायात येते ते आपोआप कळेल. लिफ्टचे आणि दाराचे मापही घ्या. कपाट विकत घेतले आणि जिन्यातच अडकले, असे प्रसंग कमी नाहीत.

क्रम कसा लावावा? सर्वांत आधी तीन महिन्यांचे मेंटेनन्स आणि वीजबिल बाजूला काढावे. मग पंखे, दिवे आणि स्वयंपाकघर. साधा जुना पंखा ७५ वॅट खातो, नवा बी.एल.डी.सी. पंखा तीसच्या आसपास. दिवसाला पंधरा तास चालवला तर महिन्याला एका पंख्यामागे वीस युनिट वाचतात. थोडे जास्त पैसे इथे घालणे परवडते.

स्वयंपाकघरात ट्रॉल्या करायच्या तर भुसा दाबून केलेला पार्टिकल बोर्ड नको, तो पाण्याने फुगतो. कमर्शियल प्लायही ओट्याखाली टिकत नाही. बी.डब्ल्यू.आर. किंवा आय.एस. ७१० असा शिक्का बघून घ्या. पैसे कमी असतील तर ओट्याखाली स्टीलची मांडणी बरी, ती धुताही येते. सिलिंडर मात्र बंद कपाटात कोंडू नका. हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. दाराला खालच्या बाजूला भोके हवीत, शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर हवी आणि रबरी नळी पाच वर्षांनी बदलायला हवी.

त्यानंतर मुलांच्या अभ्यासाची जागा. सोफ्याच्या आधी, टीव्हीच्याही आधी. भिंतीला बिजागरीने लावलेली दोन बाय तीनची फळी, वर पुस्तकांसाठी दुसरी फळी आणि एक दिवा एवढे पुरते. काम झाले की फळी खाली पाडता येते. बाबासाहेब परळच्या चाळीतल्या एका खोलीत शिकले. त्या गर्दीत रामजीबाबा त्यांना लवकर निजवत आणि रात्री दोनला उठवून अभ्यासाला बसवत. एकाच खोलीत निवांत वेळ काढण्याची ती युक्ती होती. आपल्याला आज निदान एक कोपरा काढता येतो. बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमाही त्याच भिंतीवर शोभतील, ग्रंथांच्या जवळ.

दिवाण, टेबल, खुर्च्या जुन्या घ्यायला लाजू नये. मुंबईत ओशिवऱ्याला, पुण्यात जुन्या बाजारात सागवानी वस्तू मिळतात. नव्या दाबीव फळीपेक्षा त्या जास्त वर्षे चालतात. फक्त सांध्यांत ढेकूण, पायांत वाळवी नाही ना, हे उजेडात आपटून पाहावे आणि दोन दिवस कडक उन्हात ठेवूनच घरात घ्यावे.

"पण गृहप्रवेशाला पाहुणे काय म्हणतील?" हा प्रश्न भगिनी हमखास विचारतात. बुद्धवंदनेला माणसे जमिनीवरच बसतात. सतरंजी अंथरली तर दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस जण सहज बसतील, सोफ्यावर पाच. त्या दिवशी रिकामी जमीनच उपयोगी पडते. पाहुणे चहा घेऊन जातात, हप्ता मात्र चोवीस महिने राहतो.

सोफा कधीच घेऊ नये, असे माझे म्हणणे नाही. पैसे साठवून, खडूच्या रेषेत बसत असेल तर अवश्य घ्यावा. या रविवारी पतिपत्नी दोघांनी मिळून एक यादी करावी : काय उद्या हवे, काय सहा महिन्यांनी, काय दोन वर्षांनी. मुलांनाही त्यात बसवा. पहिल्या रकान्यात पाचपेक्षा जास्त वस्तू आल्या, तर यादी पुन्हा करा.

जयभीम.