दारची मोरपंखी हाताबाहेर जाण्याआधी

पायरीच्या दोन्ही अंगांना मोरपंखीची जोडी लावायची हौस आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात वाड्यावस्त्यांवरही दिसते. घर बांधून झालं, की गुडघ्याएवढी दोन रोपं आणायची आणि ओट्याला चिकटून लावायची. आठ-दहा वर्षांत तीच झाडं पायरी अडवतात, खिडकीतला उजेड खातात. मग लग्नकार्याच्या तोंडावर घरधनी कोयता घेऊन उठतो.

तेवढं करू नका. तो कोयता मी चालवलेला आहे, म्हणून सांगतो. थोरलीनं शाळेत असताना लावलेली मोरपंखी तिच्याच लग्नाच्या मांडवाला आड येत होती. मी ओट्याकडची बाजू खोडापर्यंत साफ केली. पावसाळ्यात फुटेल, असं धरून चाललो होतो. चार पावसाळे गेले, त्या अंगाला अजून नुसत्या तपकिरी काड्या आहेत. लेक माहेरी आली की आधी तिकडं बघते. बोलत काही नाही.

चूक झाली ती शेतातल्या सवयीनं. बोर उन्हाळ्यात बोडकं केलं तरी पावसाबरोबर फोफावतं. द्राक्षाची काडी एप्रिल छाटणीत एक-दोन डोळ्यांवर आणली तरी नवी येते. लिंबाचं तर विचारूच नका. या झाडांच्या जुन्या लाकडात डोळे झोपून असतात. मोरपंखी मात्र देवदाराच्या गोतातली, सूचिपर्णी. तिचा फुटवा हिरव्या भागातूनच येतो, आतल्या उघड्या लाकडातून सहसा येत नाही. म्हणून वाढलेली मोरपंखी लहान करणं अवघड, आणि लहान आहे तोवर लहान ठेवणं सोपं.

रोप कमरेएवढं झालं की कातर हातात घ्या. शेंड्याची बोट-दोन बोटं हिरवी पानं उतरवायची, हिरवं मागं राहील एवढीच. पहिला हात पावसाला सुरुवात झाल्यावर, दुसरा पावसाळा सरल्यावर. एप्रिल-मेच्या उन्हात मुळीच नको; आतली सावलीत वाढलेली पानं उघडी पडून करपतात. झाड खाली रुंद, वर निमुळतं ठेवा. वरचा घेर वाढला, की खालच्या फांद्या उजेडावाचून वाळतात. पाहिजे त्या उंचीच्या वीतभर आधीच मधला शेंडा खुडा. उन्हाळ्यात पानं भुरकट दिसली तर लाल कोळी आहे का बघा आणि पाण्याचा जोराचा फवारा आतून-बाहेरून मारा.

नवी जोडी लावणार असाल तर भिंतीपासून पाच-सहा फूट सोडा. आज ती जागा मोकळी, विचित्र वाटेल.

दुसरं झाड म्हणजे मजल्यामजल्यांनी फांद्या येणारं ख्रिसमस ट्री, अरोकेरिया. याला मोरपंखीचा कायदा लावू नका. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या बेटांवरचं हे झाड, तिकडं दीडशे फुटांवर जातं. शेंडा छाटला तर बाजूची फांदी वर वळत नाही, ती आडवीच राहते. खोडातून दोन-तीन नवे शेंडे निघतात आणि झाडाचा घाट कायमचा जातो. विजेच्या तारेखाली ते लावूच नका. लावून बसला असाल तर स्वतः चढू नका, वायरमनला सांगा.

त्याला आवर घालायचा तो कुंडीत. दोन-तीन वर्षांनी पावसाळ्यात काढून कडेची गुंडाळलेली मुळं थोडी कापा, माती बदला, परत लावा. आणि कुंडी मातीवर ठेवू नका, फरशीवर ठेवा, महिन्या-दोन महिन्यांनी हलवा. भोकातून एक मूळ जमिनीत उतरलं, की कुंडी असून नसल्यासारखी. हे बायांच्या लवकर ध्यानात येतं, कारण झाडताना कुंडी सरकवणाऱ्या त्याच.

माझ्या त्या उघड्या बाजूला आता गोकर्णीचा वेल सोडलाय. दुसऱ्या मोरपंखीला मात्र दर पावसाळ्यात कातर लागते. उतरलेली पानं नातवंडं ‘विद्या’ म्हणून वह्यांत घालायला नेतात.