किल्ली कुणाकडे?



मागच्या जुम्म्याला जेवणे आटोपली, पण दस्तरखान उचलायच्या आधीच आमच्या घरी वाद सुरू झाला. विषय निवडणुकीचा नव्हता, कुणाच्या लग्नाचाही नव्हता. खालांच्या आठवणी कुठे लिहायच्या, एवढाच प्रश्न होता.

त्यामागची हकिगत अशी. अम्मी हयात होत्या तेव्हा आमची धाकटी मुलगी इशाच्या नमाजनंतर त्यांच्याजवळ बसायची. अम्मी बोलायच्या आणि ती मोबाईलवर एका ॲपमध्ये लिहून टाकायची. गल्लीत बसणारे पंजे, पंजेभेटीच्या दिवशी ऊद घेऊन येणाऱ्या शेजारच्या मराठा घरातल्या बायका, 2005 च्या महापुरात कुणी कुणाला आपल्या घरी आसरा दिला, ईदच्या शेवया कुणाच्या दारात वाळत. पुण्या-मुंबईचे आणि सौदीतले नातेवाईक ते वाचायचे. मग ते ॲप बंद झाले. तशी सूचना आली होती, मजकूर उतरवून घ्यायला मुदतही होती. पण ते दिवस दवाखान्याच्या फेऱ्यांचे होते, मोबाईलकडे पाहायला कुणाला सवड नव्हती. अम्मी गेल्या. 125 नोंदींपैकी वहीत उतरवलेल्या 11 उरल्या. पुन्हा विचारायला अम्मी नाहीत.

आता अम्मींच्या धाकट्या बहिणीचे, आमच्या खालांचे वय 81 आहे. त्यांच्याकडचे तरी नीट जपावे, म्हणून हा वाद.

असे फक्त आमच्याच घरात घडले असे नाही. ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 ला बंद झाले. गूगल प्लस एप्रिल 2019 मध्ये गेले. टिकटॉकवर 29 जून 2020 ला सरकारने बंदी घातली आणि गावोगावच्या पोरापोरींचे व्हिडिओ एका रात्रीत दिसेनासे झाले. मराठीतही लिहिता येणारे, पिवळ्या पक्ष्याचे देशी ‘कू’ जुलै 2024 मध्ये आवरले गेले. प्रत्येकाची कारणे वेगळी. पण घर दुसऱ्याचे होते आणि आपण तिथे पाहुणे होतो, ही गोष्ट सगळीकडे सारखी.

यावर तरुण मंडळींचा तोडगा एकच होता : ‘विकेंद्रित’ माध्यमावर जायचे. कुठल्या, यावर मात्र तिघांची तीन मते. इंजिनिअरिंगला असलेला भांजा म्हणाला, मॅस्टोडॉन. धाकटी म्हणाली, ब्लूस्काय. सोळा वर्षांचा पुतण्या म्हणाला, ‘‘नॉस्टर घ्या चाचा, तिथं तुमचं लिहिलेलं कुणाचा बाप डिलीट करू शकत नाही!’’

विकेंद्रित म्हणजे काय, हे आम्हा कोल्हापूरकरांना समजायला अवघड जाऊ नये. आपल्या जिल्ह्यात गावोगावी दूध संस्था आहेत. संस्था गावाची, सभासद गावातले, सचिव गावातला. दूध मात्र सगळे मिळून ‘गोकुळ’कडे जाते. 1963 पासून हे चालले आहे. एका गावाची संस्था अडचणीत आली म्हणून दुसऱ्या गावचे संकलन थांबत नाही. मॅस्टोडॉनची रचना काहीशी अशीच आहे, फरक इतकाच की तिथे वर संघही नाही, संस्था परस्परच एकमेकींशी जोडलेल्या असतात. जर्मनीतल्या ऑयगेन रॉखको या तरुणाने 2016 मध्ये ते सुरू केले. जगभर हजारो लहान-मोठे सर्व्हर आहेत, प्रत्येकाचा चालक वेगळा, नियम वेगळे. तुम्ही एका सर्व्हरचे सभासद झालात तरी दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाशी बोलू शकता, जसे जीमेलवरून याहूला पत्र जाते. आणि एखादा सर्व्हर द्वेष पसरवू लागला, तर बाकीचे त्याच्याशी व्यवहार तोडतात. 2019 मध्ये ‘गॅब’ नावाचे माध्यम मॅस्टोडॉनची यंत्रणा घेऊन आले, तेव्हा अनेक सर्व्हरांनी त्याला दार बंद केले.

पण संस्था चांगली की वाईट, हे शेवटी सचिवावर असते. मॅस्टोडॉनचे कितीतरी सर्व्हर एकटादुकटा माणूस हौसेने, पदरमोड करून चालवतो. तो थकला की संपले. ‘मॅस्टोडॉन डॉट लोल’ नावाचा हजारो सभासदांचा सर्व्हर 2023 मध्ये चालकाने असाच बंद केला. मुदतीत दुसरीकडे गेलात तर तुमचे अनुयायी तुमच्याबरोबर येतात. जुने लिखाण मात्र नव्या खात्यात येत नाही, त्याची प्रत उतरवून घरात ठेवावी लागते. भांज्याला आम्ही विचारले, ‘‘तू सुचवतोस तो सर्व्हर कोण चालवतो?’’ त्याला सांगता आले नाही.

धाकटीचे ब्लूस्काय हे मुळात ट्विटरच्याच घरात 2019 मध्ये सुचलेले काम. पुढे ती स्वतंत्र कंपनी झाली आणि फेब्रुवारी 2024 पासून कुणालाही खाते उघडता येऊ लागले. वापरायला सोपे, सर्व्हर निवडायची कटकट नाही. खाते दुसऱ्या सर्व्हरवर हलवायचे झाले, तर अनुयायी आणि लिखाण दोन्ही बरोबर नेता यावे, अशी त्याची बांधणी आहे. पण तूर्त बहुतेकांची खाती त्या एकाच कंपनीच्या यंत्रांवर आहेत. म्हणजे दाराला किल्ली दिली आहे, पण बाहेर पडून राहायला फारशी घरे अजून उभी नाहीत.

आणि पुतण्याचे नॉस्टर. तिथे कंपनी नाही, सभासदत्वही नाही. आकड्या-अक्षरांची एक लांबलचक गुप्त किल्ली तुमच्याकडे असते आणि तीच तुमची ओळख. ती हरवली तर दुसरी देणारा कुणी नाही. चोरीला गेली तर तुमच्या नावाने दुसरा बोलू लागेल आणि ते थांबवायला कुठलेही कार्यालय नाही. लिहिलेले अनेक ठिकाणी साठते. तुम्ही पुसायची विनंती करू शकता, ती मानायची की नाही हे साठवणाऱ्याने ठरवायचे.

इथे आम्ही थांबलो. कारण ‘कुणी डिलीट करू शकत नाही’ हे वाक्य ऐकताच आम्हाला जून 2023 आठवला.

कोल्हापूरच्या वाचकांना तो सांगायला नको, बाहेरगावच्यांसाठी सांगतो. काही पोरांनी मोबाईलवर आक्षेपार्ह स्टेटस ठेवले. 7 जूनला शहर बंदची हाक दिली गेली, छत्रपती शिवाजी महाराज चौकात जमाव जमला, दगडफेक झाली, पोलिसांना लाठीमार करावा लागला, अश्रुधूर सोडावा लागला. त्या स्टेटसशी काडीचा संबंध नसलेल्यांच्या दुकानांवर दगड पडले. आम्ही दार लावून आत बसलो होतो. शेजारच्या वहिनींनी मागच्या दाराने दूध आणून दिले, हे आम्ही विसरणार नाही. मग इंटरनेटही बंद झाले. सौदीतून भावाचा साधा कॉल लागला, तेव्हा अम्मी रडल्या.

ज्यांनी ते स्टेटस ठेवले, त्यांच्या आयांचा विचार आमच्या मनात पुष्कळदा येतो. स्टेटस चोवीस तासांत आपोआप जाते. तरी तेवढ्या वेळात कुणीतरी त्याचे चित्र काढून घेतलेच. मग जे जातच नाही, तिथे सोळा वर्षांच्या हातून काय काय होईल?

पुतण्याला आम्ही समजावले, ‘‘बेटा, जिथं दुसरा तुझं पुसू शकत नाही, तिथं तुझं तुलाही पुसता येत नाही. चूक झाली तर मागं घ्यायला जागा पाहिजे का नको?’’ तो म्हणाला, ‘‘पण सरकारने किंवा कंपनीने खरं बोलणाऱ्याचं तोंड बंद केलं तर?’’ हा प्रश्न आम्ही उडवून लावला नाही. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने बंद केले होते. नाझींना सलाम न करता हाताची घडी घालून उभ्या राहिलेल्या एका जर्मन माणसाचे जुने छायाचित्र त्यांच्या खात्यावर होते. त्या रागात भारतातले किती तरी लोक मॅस्टोडॉनवर गेले. म्हणजे पुतण्याची भीती खोटी नाही. पण त्यातले बरेच जण परतही आले, कारण त्यांचे सगेसोयरे जुन्याच ठिकाणी होते. गल्ली रिकामी असेल तर तिथे घर बांधून कोण राहणार?

तेव्हा कुठलेही माध्यम निवडण्याआधी घरात बसून काही प्रश्न विचारावेत, असे आम्हाला वाटते. हे चालवतो कोण, आणि तो उद्या थकला तर काय? सोडून जायचे झाले तर बरोबर काय नेता येते? कुणी शिवीगाळ केली, आपल्या मुलीच्या मागे लागला, तर तक्रार ऐकणारा माणूस आहे का? आपली माणसे तिथे येतील का? आणि चुकीचे लिहिले गेले तर मागे घेता येते का?

त्याबरोबर काही गैरसमजही काढून टाकावेत. विकेंद्रित म्हणजे खाजगी नव्हे. ब्लूस्कायवरचे लिखाण कुणालाही वाचता येते. मॅस्टोडॉनवर ‘फक्त अनुयायांसाठी’ अशी सोय आहे, पण तिथला खाजगी निरोप सर्व्हरच्या चालकाला पाहता येऊ शकतो. घरातल्या फोटोंची आणि नातेसंबंधांतल्या कुरबुरींची ही जागा नव्हे. सर्व्हर परदेशात असला तरी लिहिणारा कोल्हापुरात आहे आणि कायदा त्याला लागू आहे. दोन समाजांत वैर वाढवणाऱ्या मजकुरासाठी भारतीय न्याय संहितेचे 196 वे कलम आहे. आणि शहराचे इंटरनेट बंद झाले की तिन्ही माध्यमे एकदमच बंद.

आमच्या घरी ठरले ते असे. खाला बोलतील ते आधी दोनशे पानी वहीत उतरेल. आवाज मोबाईलवर भरला जाईल, त्याची एक प्रत घरच्या पेनड्राइव्हवर आणि एक सौदीतल्या भावाकडे राहील. अमानत आपली आहे, ती आधी आपल्या हाताशी हवी. त्यानंतर ब्लूस्कायवर धाकटी खाते उघडेल, कारण लिखाण घेऊन निघायची सोय त्यात आहे आणि खालांच्या नातसुनांनाही ते वापरता येईल. तिथे एका वेळी 300 अक्षरेच मावतात, म्हणून एक आठवण चार-पाच तुकड्यांत जाईल. दर चांदरातीला सगळ्या लिखाणाची प्रत उतरवून घ्यायची, हे काम भांज्याचे. तो मॅस्टोडॉनवर चांगला सर्व्हर शोधत राहणार आहे, चालकाचे नाव कळल्याशिवाय तिथे जायचे नाही या अटीवर.

पुतण्याला आम्ही काहीही बंद केले नाही. त्याला आवाज भरायचे काम दिले. पहिल्याच दिवशी खालांनी त्याला विचारले, ‘‘हे सगळं कोण ऐकणार रे?’’ तो म्हणाला, ‘‘तुम्ही हो म्हणाल तेवढेच लोक.’’ मग त्यांनी गंगावेशेतल्या एका घराची गोष्ट सांगितली आणि शेवटी म्हणाल्या, ‘‘हे मात्र घालू नको, त्या घरातली माणसं अजून आहेत.’’ त्याने ते बाहेर कुठेही टाकले नाही.

तुमच्या घरी कुणी 80 पार केलेले असेल, तर ॲप पुढच्या आठवड्यात निवडा. वही आजच आणा. आणि घरात काय ठरले ते आम्हाला जरूर कळवा.

खुदा हाफिज.