चार चाकांवरचा चंगळवाद

शुक्रवारी रात्री मुलुंड किंवा बोरिवलीच्या एखाद्या गृहसंकुलाच्या फाटकाशी उभे राहावे. डोंगरात दोन रात्री काढण्यासाठी निघालेली एक मोटार बाहेर पडताना दिसते. छतावर लोखंडी मांडव, त्यावर घडी घातलेला तंबू, तंबूशेजारी पाण्याची टाकी, पुढे पोलादी कठडा, कठड्यात विजेवर फिरणारी दोरखंडाची चरखी, काचेच्या वर हातभर लांबीची दिव्यांची पट्टी, बाजूला हत्तीच्या सोंडेसारखे वर गेलेले हवेचे नळकांडे. आत माणसे दोन, फार तर तीन. या प्रवासाला ‘ओव्हरलँडिंग’ म्हणतात, आणि त्याचे तत्त्वज्ञान असे सांगितले जाते की माणसाने शहराच्या सुखसोयी मागे टाकून निसर्गाकडे जावे. मागे नेमके काय टाकले, याचा शोध मात्र छतावरचे सामान मोजून लागत नाही.

त्याच रात्री मध्यरात्रीच्या सुमारास घाटकोपरवरून शेवटची कसारा लोकल जाते. तिच्या दारात पाठीवर पिशव्या अडकवलेली पोरे दाटीवाटीने उभी असतात. पहाटेआधी कसाऱ्याला उतरून ती एका जीपमध्ये दहा-बारा जण कोंबून बसतात आणि उजाडता उजाडता कळसूबाईच्या पायथ्याशी बारी गावात पोचतात. ती सुसज्ज मोटारही तिथेच पोचते. किंबहुना त्या पलीकडे तिलाही जाता येत नाही, कारण १६४६ मीटर उंचीच्या त्या शिखरावर जाणारी वाट पायांसाठी आहे, आणि वरच्या कड्यांवर लोखंडी शिड्या आहेत.

मग प्रश्न इतकाच उरतो, की या खेळाला मोटारीवर खरोखर किती सामग्री लागते? प्रश्न यंत्राचा आहे, म्हणून आधी यंत्राचेच उत्तर पाहावे. ज्या वाहनावरून ही सारी परंपरा निघाली, ती दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप. महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत तिचीच जुळणी सुरू केली. तिचे इंजिन ६० अश्वशक्तीचे, वजन टनाहून थोडे अधिक, छप्पर ताडपत्रीचे. बाजूला पट्ट्याने बांधलेली एक कुऱ्हाड व एक फावडे, मागे इंधनाचा एक डबा व एक जादा चाक. एवढ्या भांडवलावर ती वाळवंटे, चिखल आणि बर्फ पार करून गेली. तिच्याच वंशातली आजची ‘थार’ कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा तिचा तळ जमिनीपासून २२६ मिलिमीटर उंच असतो. चारही चाकांना गती देणारी यंत्रणा घेतली तर चढासाठी अधिक सावकाश व अधिक जोरकस गिअरही मिळतात, आणि ६५० मिलिमीटर पाण्यातून ती जाऊ शकते असे कंपनीच सांगते. (या गाडीचे नवे रूप २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आणले गेले. साध्या राहणीचा पुरस्कार करणाऱ्या महात्म्याच्या जयंतीचा मुहूर्त कोणी साधला, हे विचारण्यात अर्थ नाही. बाजाराला प्रत्येक जयंती सारखीच.) सह्याद्रीतल्या कोणत्याही पायथ्याच्या गावी जायला याहून अधिक काही लागत नाही. बहुतेक गावांना यातलेही काही लागत नाही, कारण तिथे डांबरी रस्ता पोचला आहे आणि त्या रस्त्यावरून लाल डबा जातो.

खरी गरज कशाची असते, ते जाणत्या चालकाला विचारले तर तो बोटांवर मोजून देतो. टायर चांगले असावेत. हवा भरलेली स्टेपनी, जॅक आणि पाना असावा. वाळूत वा चिखलात चाक रुतले तर टायरमधली हवा कमी करावी, म्हणजे ३२ च्या जागी १८ वर आणावी, की टायर पसरतो, जमिनीवरचा भार वाटला जातो आणि गाडी निघते. मग डांबरी रस्त्यावर येताच पुन्हा हवा भरण्यासाठी एक छोटा पंप हवा. एक मजबूत दोर, एक फावडे, पुरेसे पाणी, औषधांची पेटी. ही सारी सामग्री एका पोत्यात मावते. आणि सर्वांत मोठी सामग्री म्हणजे पुढचा ओढा पायी उतरून पाहण्याची तयारी, जी कोणत्याही दुकानात मिळत नाही व म्हणून तिची जाहिरातही होत नाही.

उरलेले सामान निरुपयोगी असते तर एक वेळ चालले असते. ते अपायकारक आहे. छतावर तंबू, टाकी आणि मांडव मिळून शे-दीडशे किलो भार चढवला की गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो, वळणावर ती कलंडायला सोपी होते, आणि घाटाच्या उतारावर तिला थांबवायला अधिक अंतर लागते. निसर्गाच्या संकटांपासून बचाव म्हणून विकत घेतलेली वस्तू माळशेजच्या वळणावर स्वतःच संकट बनते. पुढचा पोलादी कठडा तर सरळ दुसऱ्याच्या जिवावर उठलेला आहे. गाडीचा पुढचा भाग चेपला जावा आणि धक्का त्यातच जिरावा, अशी रचना अभियंते करतात. कठडा तो धक्का जिरू देत नाही, हवेच्या उशा वेळेवर उघडण्यात अडथळा आणतो, आणि पादचाऱ्याला लागला तर हाड मोडतो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने असे कठडे लावणाऱ्यांवर कारवाई करण्यास राज्यांना कळवले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की उत्पादकाने दिलेल्या मूळ स्वरूपात वाहनमालकाला मनमानी बदल करता येत नाही. त्याच वर्षी कायदा दुरुस्त होऊन अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. तरीही कठडे फिरतच आहेत. पदपथावर वडापावची गाडी लावणाऱ्याची गाडी जशी तत्परतेने उचलली जाते, तशी तत्परता या कठड्यांच्या वाट्याला येत नाही.

सोंडेचीही कथा सांगण्यासारखी आहे. पाण्यात इंजिनाला हवा मिळावी म्हणून ती असते. इंजिनात हवेऐवजी पाणी गेले तर ते दाबले जात नाही आणि आतले दांडे वाकतात, हे खरे. पण सोंड लावली म्हणून गाडी पाणबुडी होत नाही. वाहते पाणी दोन फूट चढले की बहुतेक मोटारी तरंगून वाहू लागतात, सोंड असो वा नसो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा बंद मोटारींत अडकून माणसे गुदमरून मेली. पायी निघालेल्यांना वस्तीतल्या लोकांनी दोर धरून पलीकडे नेले. अंधेरीचा भुयारी मार्ग दर पावसाळ्यात बुडतो आणि बंद करावा लागतो. त्यावरचा उपाय नाल्यांत आणि पंपांत आहे. ज्याच्यापाशी पैसा आहे त्याने आपल्या मोटारीला सोंड लावून घ्यावी आणि इतरांनी गुडघाभर पाण्यातून चालावे, ही नगररचना नव्हे.

यावर काही आक्षेप घेतले जातात. लडाखला वा स्पितीला जाणाऱ्याला अधिक तयारी लागते, हा त्यांतला खरा आक्षेप. शेकडो किलोमीटर इंधन व दुरुस्ती मिळत नसेल तर जादा इंधन, जादा पाणी आणि दुसरी स्टेपनी बाळगणे शहाणपणाचेच आहे. परंतु त्या मार्गांवरही वर्षानुवर्षे जुने ट्रक आणि सरकारी बसगाड्या धावत आहेत. शिवाय लडाखसाठी चढवलेले सामान वर्षातले पन्नास आठवडे पश्चिम द्रुतगती महामार्गावर दहिसर ते वांद्रे एका माणसाला घेऊन रखडत असते, त्याचे काय? दुसरा आक्षेप असा, की स्वतःच्या पैशाने कोणी हौस केली तर इतरांनी का बोलावे. हौस स्वतःच्या पैशाची असते, पण रस्ता, पदपथ, हवा आणि डोंगर सर्वांचे असतात.

हे केवळ तात्त्विक नाही. मे अखेरीस कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात हिरडा, बेहडा, सादड्याच्या झाडांवर काजवे पेटतात. तो उजेड म्हणजे नराची मादीला घातलेली साद असते. ती साद पाहायला शहरातून मोटारींच्या रांगा येतात, आणि छतावरच्या पट्ट्यांच्या झोतात काजव्यांना एकमेकांचा उजेडच दिसेनासा होतो. प्रजा वाढण्याचे त्यांचे मोजके दिवस त्या झोतात वाया जातात. वेळास-आंजर्ल्याच्या वाळूत कासवे अंडी घालतात, आणि ‘ऑफ-रोडिंग’ला सर्वांत सोयीची वाटणारी जागा म्हणजे तीच वाळू. डिसेंबर २०२४ मध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्यावर वाळूत रुतलेली फेरारी अखेर बैलगाडीला बांधून ओढून काढावी लागली. त्या प्रसंगावर सारा देश हसला, आणि हसण्यासारखा तो होताच. पण त्या बैलांच्या मालकाला कोणत्याही सामग्रीच्या सूचिपत्रात जागा नाही, हेही त्याच वेळी लक्षात यायला हवे होते.

खडतर रस्त्यांवरून वाहन नेण्याची कला या राज्यात नवी नाही. जव्हार-मोखाड्याच्या घाटांत सवारी जीपगाड्या रोज तेच करतात. आत बारा, मागे लटकलेले चार, टपावर तांदळाची पोती आणि कोंबड्या. मोटारीत जॅक, स्टेपनी आणि काथ्याचा दोर. त्यात साहस मानावे असे कोणालाही वाटत नाही, कारण त्यांना दुसरा उपाय नाही. आणि जिथे ती जीपही पोचत नाही तिथे? २०२२ च्या पावसाळ्यात मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरून प्रसूत झालेल्या स्त्रीला झोळीत घालून डोंगर उतरावा लागला. तिची जुळी बाळे वाचली नाहीत. त्या पाड्याला रस्ता नव्हता. रस्ता नसलेल्या जागी जाणे हे एका वर्गाचे व्यसन आहे आणि रस्ता नसलेल्या जागी राहणे हे दुसऱ्या वर्गाचे भोग आहेत. त्यासाठी मोखाड्यापर्यंत जायचीही गरज नाही. आरेतल्या पाड्यांपर्यंत आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या वस्त्यांपर्यंत गेले तरी ओव्हरलँडिंग घडते, तेही लोकलच्या पासावर.

उपनगरातला पांढरपेशा तरुण या बाजाराचे गिऱ्हाईक झाला, याचा सगळा दोष त्याच्या माथी मारता येत नाही. त्याला डोंगर हवा आहे, ही इच्छा निरोगी आहे. त्याच्या आधीच्या पिढीने हीच इच्छा कॅनव्हासचे बूट आणि आईने बांधून दिलेल्या दशम्यांवर भागवली. मुलुंडच्या चक्रम हायकर्ससारख्या मंडळांनी शेकडो मुलांना सह्याद्री दाखवला तो पायी. गो. नी. दांडेकरांनी गड पाहिले तेही पायीच. परंतु त्या पिढीला गावापर्यंत नेणारी बस होती. २०१०-११ च्या सुमारास ‘बेस्ट’कडे साडेचार हजारांच्या आसपास बसगाड्या होत्या. २०२५ पर्यंत हा ताफा तीन हजारांच्या खाली आला, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात किमान भाडे पाचाचे दहा रुपये झाले. जानेवारीत एस.टी.चे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढलेच होते. सार्वजनिक वाहन असे खंगत गेले की खाजगी वाहन ही गरज होते. गरज म्हणून घेतलेली वस्तू हप्त्यांवर येते, आणि हप्ते भरणाऱ्याला ती वस्तू साधी असल्याची लाज वाटावी, यासाठी मग उरलेला बाजार उभाच असतो. पंधरा लाखांच्या गाडीवर आणखी दोन लाखांचे सामान चढते ते या लाजेपोटी.

म्हणून उपनगरांतील शाखांनी या मुलांना उपदेश करण्याच्या फंदात पडू नये. मागणी परिवहनाकडे न्यावी. बोरिवलीच्या नॅन्सी कॉलनी आगारातून आणि कुर्ल्याच्या नेहरूनगरमधून शुक्रवारी रात्री भंडारदरा, जव्हार आणि मुरबाडच्या दिशेने जादा गाड्या सोडाव्यात, रविवारी संध्याकाळी त्या परत आणाव्यात. सोमवार ते गुरुवार त्याच गाड्या पाड्यांच्या फेऱ्यांना द्याव्यात, आणि टपावर पिशव्या बांधण्याची जुनी सोय पुन्हा सुरू करावी. पावसाळ्याआधी ही निवेदने आगारप्रमुखांच्या हाती पडली, तर काजव्यांच्या हंगामात पहिली गाडी सुटू शकते.