टेनोफोव्हिर : एक गोळी, दोन विषाणू

औषधाची किंमत हाच जणू उपचारातील एकमेव प्रश्न, असा समज एड्सविरोधी लढ्याच्या पहिल्या पर्वात रूढ झाला आणि तो अकारण नव्हता. टेनोफोव्हिर या औषधासाठी गिलिअड या अमेरिकी कंपनीने केलेले अर्ज २००९ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने फेटाळले. मुंबईच्या सिप्लाने आणि एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या संघटनांनी या अर्जांना हरकत घेतली होती. देशी कंपन्यांचा मार्ग त्यामुळे मोकळा राहिला आणि आज हे औषध शासकीय एआरटी केंद्रांवर विनामूल्य मिळते. किमतीची लढाई बऱ्याच अंशी जिंकली गेली. स्वस्त झालेले औषध सुरक्षितपणे कसे वापरावे, याची चर्चा मात्र अजूनही डॉक्टरांच्या वर्तुळाबाहेर फारशी होत नाही.

टेनोफोव्हिरचे वेगळेपण असे की ते एचआयव्ही आणि हेपटायटिस बी या दोन्ही विषाणूंना आवर घालते. स्वतःच्या प्रती काढताना हे दोन्ही विषाणू एकाच प्रकारच्या विकराचा आधार घेतात आणि टेनोफोव्हिर नेमके त्यालाच अडवते. (हेपटायटिस सीवर त्याचा उपयोग नाही.) अमेरिकेत त्याला एचआयव्हीसाठी २००१ मध्ये, तर हेपटायटिस बीसाठी २००८ मध्ये मान्यता मिळाली. दोन्ही विषाणूंचा प्रसार रक्त, लैंगिक संबंध आणि मातेकडून बालकाकडे असा होत असल्याने एकाच शरीरात दोघेही आढळावेत, यात नवल नाही. भारतात एचआयव्हीबाधितांची संख्या सुमारे २५ लाख आहे. हेपटायटिस बीचे रुग्ण २०२२ मध्ये जवळजवळ तीन कोटी होते, असे जागतिक आरोग्य संघटनेचा २०२४ चा अहवाल सांगतो.

शरीर एक असले, तरी यंत्रणा दोन आहेत. एचआयव्हीचे काम नॅकोकडे. हेपटायटिससाठी २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेला स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रम. खासगी वैद्यकातही यकृततज्ज्ञ एकीकडे आणि एचआयव्हीचे डॉक्टर दुसरीकडे. धोका या फटीतूनच शिरतो. हेपटायटिस बीच्या रुग्णाला एकटे टेनोफोव्हिर दिले जाते आणि ते त्या आजारापुरते योग्यही असते. पण त्याच रुग्णाला एचआयव्ही असून तपासणीच झाली नसेल, तर तोच उपचार अपुरा ठरतो. एकाच औषधाशी सामना असलेला एचआयव्ही त्याला दाद न देण्याची शक्ती कमावतो. उलट बाजूचा अनुभवही जुनाच आहे. एचआयव्हीच्या उपचारात पूर्वी बीविरुद्ध एकट्या लॅमिव्ह्युडिनचाच आधार असे. अशा दुहेरी बाधितांपैकी बहुतेकांत काही वर्षांतच बी विषाणू त्या औषधाला निर्ढावला. म्हणूनच उपचारांपूर्वी दोन्ही तपासण्या करणे ही केवळ औपचारिकता नव्हे.

औषध सुरू करण्यापेक्षा ते थांबवणे अधिक धोक्याचे, ही गोष्ट तर रुग्णांना क्वचितच समजावून सांगितली जाते. टेनोफोव्हिर हेपटायटिस बीला दाबून ठेवते, नष्ट करत नाही. गोळी अचानक बंद झाली की विषाणू झपाट्याने वाढतो, रोगप्रतिकारशक्ती त्याच्यावर तुटून पडते आणि या झटापटीत होरपळते ते यकृत. यकृत आधीच निबर झालेले असेल, तर हा भडका प्राणावर बेतू शकतो. अमेरिकेत या औषधाच्या माहितीपत्रकात हा इशारा ठळक चौकटीत छापणे बंधनकारक आहे. २०२२ मध्ये औषधटंचाईच्या निषेधार्थ रुग्णांनी दिल्लीत नॅकोच्या कार्यालयाबाहेर दीर्घ आंदोलन केले, तेव्हा चर्चा एचआयव्हीपुरतीच राहिली. दुहेरी बाधितांसाठी असा खंड किती महागात पडू शकतो, याचा उल्लेख फारसा झाला नाही.

मूत्रपिंडांचा प्रश्न तुलनेने परिचित आहे. जुन्या, म्हणजे डायसोप्रॉक्सिल स्वरूपातील टेनोफोव्हिरमुळे काही रुग्णांच्या मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांना इजा होते, हाडांची घनताही घटते. रक्तातील क्रिएटिनिन व लघवीची वेळोवेळी तपासणी केली, तर ही हानी बहुधा वेळीच लक्षात येते. पण पाठदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके तिच्यात भर घालतात, आणि आपल्याकडे ती सहज मिळतात! अलाफेनामाइड हे नवे स्वरूप मूत्रपिंडांना व हाडांना सौम्य आहे. तरी क्षयरोगावरील रिफाम्पिसिनमुळे त्याची रक्तातील मात्रा घटते. क्षय आणि एचआयव्ही हातात हात घालून येणाऱ्या देशात ही अडचण लहान नाही.

टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर यांची एकत्र गोळी २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार एचआयव्हीचा प्राधान्याचा उपचार ठरली. दुहेरी बाधितांना तिचा लाभ आपोआप होतो, त्यांचे निदान झालेले नसले तरीही. मात्र सोयीच्या नावाखाली जगात पुढे येत असलेल्या काही पर्यायांत टेनोफोव्हिर नाही. लॅमिव्ह्युडिन व डोल्युटेग्रॅव्हिर या दोनच औषधांच्या गोळीत ते नाही, तसेच दोन महिन्यांतून एकदा घ्यावयाच्या कॅबोटेग्रॅव्हिर व रिल्पिव्हिरिनच्या इंजेक्शनांतही नाही. रोजच्या गोळीपासून सुटका हवी असलेल्या रुग्णाला यांचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. पण हेपटायटिस बीची तपासणी कागदपत्रांत सापडत नसेल, तर औषध बदलण्यापूर्वी ती करून घ्यावी लागते. ती होकारार्थी आली, तर टेनोफोव्हिर किंवा बीवर परिणामकारक असे दुसरे औषध सोबत चालू ठेवावेच लागते.